एकशे साठ एकरांचा सातबारा

बाबा चौतीस वर्षं तलाठी होते, त्यातली बरीचशी करमाळा तालुक्यात. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत. दोघंही निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ओमाहाला माझ्याकडे आल्या आल्या बाबांनी घरामागचं कुंपण पाहून पहिला प्रश्न विचारला तो असा : "हद्दीच्या खुणा कुठायत?" शिकागो त्यांना दाखवून झालं होतं. उंच इमारती बघून त्यांची मान दुखली आणि तेवढंच. मग सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी शुक्रवारची सुट्टी टाकली आणि ठरवलं, ह्या माणसाला जमीन दाखवायची. नेब्रास्कातल्या बिॲट्रिस गावाजवळ होमस्टेड नॅशनल हिस्टॉरिकल पार्क आहे. सरकारने माणसांना फुकट जमीन वाटली त्या कायद्याचं ते स्मारक. नवऱ्याला कामामुळे जमणार नव्हतं. आम्ही तिघंच निघालो.

पहिला दिवस, शुक्रवार

ओमाहाहून लिंकन तासाभराचा रस्ता. आईने कडक भाकऱ्यांचा डबा आणि शेंगाचटणी घेतली होती. सोलापूरकर प्रवासाला निघाला की हे दोन पदार्थ घेतोच, तीन दिवस काय, आठवडाभर काही होत नाही त्यांना.

लिंकनला नेब्रास्काचं विधानभवन बघितलं. सपाट मुलखात चारशे फूट उंच मनोरा, सोनेरी घुमट, आणि घुमटावर बियाणं पेरणारा अनवाणी माणूस. 'सोअर' म्हणतात त्याला, ब्राँझचा आहे. १९२२ ते १९३२ अशी दहा वर्षं ही इमारत बांधत होते. राजधानीच्या डोक्यावर घोड्यावरचा सेनापती न बसवता पेरक्या उभा केला, हे मला फार आवडतं. बाबांनी हाताची सावली करून बराच वेळ बघितलं.

"मुठीनं फेकून पेरतोय. तिफण नाही का ह्यांच्याकडं?"

"बाबा, पुतळा आहे तो."

"पुतळ्यानं तरी बियाणं वाया कशाला घालवावं?"

ह्या राज्यात विधानसभा आणि विधान परिषद असे दोन भाग नाहीत, १९३७ पासून एकच सभागृह आहे. संपूर्ण अमेरिकेत असं हे एकच राज्य. बाबांचं मत : फायली निम्म्या वेळात हलत असतील. चौदाव्या मजल्यावरून चारी दिशांना शहर संपून शेतं लागताना दिसली. रात्री लिंकनलाच मुक्काम केला.

दुसरा दिवस, शनिवार

लिंकनपासून बिॲट्रिस चाळीस मैल, सरळ दक्षिणेला. गावाचं नाव उच्चारताना 'ॲ'वर जोर द्यायचा. पेट्रोल पंपावरच्या बाईंनी माझा उच्चार हसत दुरुस्त केला. तिथून पार्क पश्चिमेला चार मैल. फोनमधल्या नकाशाने आम्हाला का कोण जाणे डांबरी रस्ता सोडून खडीच्या रस्त्यांवर उतरवलं. गाडीमागे धुळीचा लोट, दोन्ही बाजूंना पिवळा पडलेला मका आणि सोयाबीन. मी वैतागले होते. बाबा मात्र खूश.

"बघ, दर मैलाला चौक येतोय. एकही रस्ता वाकडा नाही. हे गाडीरस्ते नव्हेत गं, हे बांध आहेत."

आणि ते खरंच तसंच आहे. इथे आधी मोजणी झाली आणि माणसं नंतर आली. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा एक चौकोन म्हणजे टाउनशिप. त्याचे छत्तीस तुकडे, प्रत्येक तुकडा एक चौरस मैलाचा, म्हणजे ६४० एकर. त्याचा चौथा हिस्सा १६० एकर. होमस्टेड कायद्याने एका माणसाला द्यायची ती एवढी जमीन. आमच्याकडे ओढ्याच्या वळणाने, वाटण्यांच्या भांडणाने, कुणाच्या तरी आजोबांच्या हट्टाने बांध सरकत जातात. इथे जमिनीवर आधी पट्टी ठेवून रेघा मारल्या.

पार्कची मुख्य इमारत हेरिटेज सेंटर, २००७ साली उघडलेली. तिचं छप्पर एका बाजूने वर उचललेलं आहे, नांगराचा फाळ मातीत घुसून ढेकूळ उलटवतो तसं. गाडी लावली आणि मी सहज म्हणाले, "बाबा, हा वाहनतळ बरोबर एक एकराचा आहे म्हणे. एकर म्हणजे किती हे लोकांना कळावं म्हणून तसा केलाय."

नको होतं म्हणायला. एका कडेने बाबा चालत सुटले. आई आणि मी ऊन खात थांबलो. पाऊल मोजत जायची त्यांची जुनी सवय, अकरा पावलांत तेहतीस फूट. आपली मोजणीची साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे. साखळीभर लांब, साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. इथल्या मोजणीदारांची साखळी सहासष्ट फुटांची होती, म्हणजे आपल्या दुप्पट. दोन्हीचं मूळ इंग्रजांकडे. त्यामुळे करमाळ्याचा एकर आणि नेब्रास्काचा एकर फुटाइंचाने सारखे. बाबा दहा मिनिटांनी घामाघूम होऊन परत आले.

"बरोबर आहे. झाडांचे वाफे धरून मोजलं तर."

इमारतीकडे जायच्या वाटेवर लोखंडी पत्र्यांची रांग उभी आहे. एकेक पत्रा म्हणजे एकेका राज्याचा आकार. ज्या तीस राज्यांत हा कायदा लागू झाला, ती सगळी इथे आहेत. प्रत्येक पत्र्यात चौकोनी भोक पाडलंय : त्या राज्यातली जेवढी जमीन ह्या कायद्याने वाटली गेली, तेवढ्या प्रमाणात. काही राज्यांत टिचभर भोक. नेब्रास्काच्या पत्र्यात जवळजवळ निम्मा पत्राच नाही, ४५ टक्के. भोकातून पलीकडचं गवत हलताना दिसत होतं.

आत शिरताच बाबांना एक रेंजरबाई भेटल्या आणि पुढचा पाऊण तास मी दुभाषी झाले. सपाट काठाची टोपी, खाकी गणवेश, आणि प्रचंड सहनशक्ती.

कायदा असा : २० मे १८६२ रोजी अब्राहम लिंकनने सही केली, १ जानेवारी १८६३ पासून अंमल. वय एकवीस पूर्ण किंवा कुटुंबप्रमुख असावा. नागरिक असावा किंवा नागरिक होण्याचा इरादा नोंदवलेला असावा. सरकारविरुद्ध शस्त्र उचललेलं नसावं. जमिनीवर पाच वर्षं राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची. सगळी फी मिळून अठरा डॉलर. लग्न न झालेल्या बाईला, विधवेलाही स्वतःच्या नावावर जमीन मागता येत असे. तेव्हा यादवी युद्ध चालू होतं आणि गुलामगिरी संपायची होती. पुढे ती संपल्यावर काळ्या लोकांनीही अर्ज केले. नेब्रास्कातच डेविटी नावाची त्यांची वसाहत होती.

"एकशे साठ एकर," बाबा म्हणाले. "आमच्याकडं सिलिंगमध्ये गेली असती. कोरडवाहू चोपन्न एकराच्या वर ठेवता येत नाही." हे मी भाषांतर करून सांगितल्यावर रेंजरबाईंनी वहीत लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं.

मग बाबांचा मुख्य मुद्दा आला. पाच वर्षं राहिला की नाही, हे ठरवायचं कोणी? तलाठी होता का? नव्हता. माणसाने वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची आणि दोन शेजाऱ्यांना साक्षीला घेऊन जमीन कचेरीत यायचं. त्यांनी शपथेवर सांगायचं की हा इथे राहतो, पेरतो.

"म्हणजे पंचनामा. आणि पंच आपलेच." बाबांच्या चेहऱ्यावर चौतीस वर्षांचं समाधान पसरलं. "मग खोटे पंच निघाले असणारच की."

रेंजरबाई हसल्या आणि त्यांनी जे सांगितलं त्यावर बाबा आजही खूश आहेत. घर किमान 'बारा बाय चौदा' असावं, अशी अट होती म्हणे, पण बारा काय आणि चौदा काय, ते लिहायचं राहिलं होतं. काही लोकांनी बारा इंच बाय चौदा इंचाचं खेळण्यातलं घर शेतात ठेवलं आणि शपथेवर सांगितलं की जमिनीवर बारा बाय चौदाचं घर आहे. काहींनी चाकांवरचं घर केलं आणि एका शेतातून दुसऱ्या शेतात ओढत नेलं, प्रत्येकाच्या साक्षीपुरतं.

"हे तर आमच्या विहिरींसारखं झालं," बाबा म्हणाले. मी ते भाषांतर केलं नाही. अनुदानाच्या कागदी विहिरींची गोष्ट परदेशात कशाला?

फसवे होते तसे हरलेलेही होते, आणि हरलेले फार जास्त. चाळीस लाखांच्या आसपास अर्ज झाले, मालकीचा कागद हातात पडला तो सोळा लाख लोकांच्या. बाकीच्यांना दुष्काळ, टोळ, थंडी, कर्ज किंवा एकटेपणा ह्यांपैकी काहीतरी आडवं आलं. तरीही २७ कोटी एकर जमीन ह्या एका कायद्याने वाटली गेली, देशाच्या एकूण जमिनीच्या दहा टक्के. कायदा १९७६ साली रद्द झाला, अलास्कात आणखी दहा वर्षं चालला. शेवटचा मालकीचा कागद केनेथ डिअरडॉर्फ ह्यांना १९८८ मध्ये मिळाला, अलास्कातल्या नदीकाठच्या ऐंशी एकरांचा. त्यांचा केशरी ॲलिस-चामर्स ट्रॅक्टर इथे आणून ठेवलाय. म्हणजे बाबा नोकरीत रुजू होऊन बारा वर्षं झाली होती, तोवर अमेरिकेत फुकट जमिनीचा फेरफार चालू होता. ह्या गोष्टीने ते जरा गप्प झाले.

नांगरांच्या विभागात त्यांना परत कंठ फुटला. इथलं गवत मुळाशी इतकं घट्ट विणलेलं की पूर्वेकडून आणलेले बिडाचे नांगर चालायचे नाहीत, चिकट माती फाळाला धरून बसायची. इलिनॉयमध्ये जॉन डिअर नावाच्या लोहाराने १८३७ मध्ये गुळगुळीत पोलादाचा फाळ केला, त्यावरून माती घसरून जायला लागली. बाबांना लगेच किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आठवला. तो आला तेव्हा आपल्याकडचे शेतकरी लोखंडाने जमिनीला विष चढेल म्हणून घेत नव्हते. "हरळी मोडायला आमचे आजोबा चार बैलजोड्या जुंपायचे," ते म्हणाले, "आणि तरी पावसाळ्यात हरळी परत हसत उभी."

ज्या जागेवर हे पार्क आहे ती डॅनियल फ्रीमनची जमीन. अर्ज क्रमांक एक. गोष्ट अशी सांगतात की हा सैन्याच्या कामावर होता आणि त्याला परत निघायचं होतं. ३१ डिसेंबर १८६२च्या रात्री ब्राऊनव्हिल गावात नववर्षाच्या मेजवानीत त्याने जमीन कचेरीच्या कारकुनाला गाठलं आणि मध्यरात्रीनंतर कचेरी उघडायला लावली. पहिल्या दिवशी देशभरात चारशेहून जास्त लोकांनी अर्ज केले, त्यात 'पहिला' कोण हे छातीठोकपणे कोण सांगणार? पण क्रमांक एक त्याच्याकडे, आणि पुढे त्याने स्वतःच ह्या पहिलेपणाचा भरपूर गवगवा केला.

"रात्री बारा वाजता," बाबा म्हणाले. "मला लोक दाखल्यासाठी रात्री नऊला उठवायचे तर मी…" आई म्हणाली, "उठायचात. कुरकुर करत, पण उठायचात."

जेवण सहलीच्या बाकावर. कडक भाकरीचा तुकडा मोडला की असा आवाज होतो की शेजारच्या टेबलावरच्या मुलाने वळून पाहिलं.

दुपारी आधी पामर-एपार्ड केबिन पाहिली. १८६७ साली बांधलेलं लाकडी ओंडक्यांचं घर, जवळच्याच गावातून उचलून इथे आणलेलं. चौदा फूट बाय सोळा फूट. पामर कुटुंबाने ह्यात दहा मुलं वाढवली. बाबांनी आकडा लगेच काढला, २२४ चौरस फूट, गुंठ्याचा पाचवा हिस्सा. आई मात्र दारात उभी राहून चुलीची जागा, पाण्याची वाट, झोपायची जागा असं काहीतरी मनात मांडत होती. "बारा माणसं. बाळंतपणं कुठं केली असतील गं?" ती म्हणाली. १६० एकरांची मालकी आणि झोपायला आठ बाय आठचा कोपरा. जमीन मोठी असली की घर मोठं असतं, हा माझा समज तिथेच गळाला.

मग पायवाटा. सगळ्या मिळून तीनेक मैल होतात. आम्ही गवतातून जाणारी लांबची वाट धरली. इथे शंभर एकरांवर मूळचं उंच गवताचं माळरान परत उभं केलंय. काम सुरू झालं ते १९३९ मध्ये, नांगरून-पेरून दमलेल्या मातीत. सप्टेंबरअखेर बिग ब्लूस्टेम गवत बाबांच्या डोक्याच्या वर गेलं होतं, तांबूस-जांभळ्या रंगाचं. तुऱ्याला तीन फाटे, टर्कीच्या पायासारखे. ह्या गवताचं आणि आपल्या ज्वारीचं कूळ एकच, जरा निरखून बघितलं की पेराची ठेवण ओळखीची वाटते. मुळं दहा-दहा फूट खोल जातात म्हणे, म्हणजे वर दिसतं त्याहून जास्त गवत जमिनीखाली. म्हणून आगीने मरत नाही. इथले लोक ठरवून, वेळ बघून वणवा लावतात, म्हणजे झुडपं आत शिरत नाहीत.

वारा सुटला की अख्खा माळ एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळतो. एरवी सारखी बडबड करणारी आम्ही तिघं वीसेक मिनिटं काही बोललो नाही.

मग बाबा म्हणाले, "आपण ह्याला पोटखराबा लिहितो."

सातबाऱ्यावर लागवडीला नालायक क्षेत्राची नोंद करतात ती. करमाळा, नान्नजकडचा सगळा माळ असाच. कुसळी, मारवेल, पवन्या ही गवतं, लांडगे, आणि आता नावापुरता उरलेला माळढोक. त्याच्यासाठी अभयारण्य जाहीर झालं तेव्हा खरेदी-विक्री अडकलेले शेतकरी बाबांच्याच टेबलापुढे येऊन बसत. त्यामुळे पक्ष्याबद्दल त्यांना कधी फार प्रेम नव्हतं. "पण इथं बघ," ते म्हणाले, "आधी मोडायला पैसे, मग परत उगवायला पैसे." अमेरिकेतलं असं उंच गवताचं माळरान आता मूळच्या चार टक्केही शिल्लक नाही. बाकी सगळ्याचं मका-सोयाबीन झालं.

पार्कच्या दक्षिण हद्दीला ओसेज ऑरेंजची रांग आहे, फ्रीमनने लावलेलं काटेरी कुंपण. काटेरी तारेआधी लोक हेच लावत, आपण शेर लावतो तसं. खाली हिरवी, मेंदूसारख्या सुरकुत्यांची फळं पडली होती. फणसाच्याच कुळातलं झाड, पण खायच्या कामाचं नाही. आईने वास घेऊन बघितला आणि नाक मुरडलं.

फ्रीमनची जमीन सरळ चौकोन नाही, नकाशावर इंग्रजी 'टी' अक्षरासारखी दिसते. चाळीस-चाळीस एकरांचे चार तुकडे त्याने असे निवडले की कब क्रीक नावाचा ओढा आणि काठची झाडं आत यावीत. ह्या मुलखात लाकूड नाही, पाणी नाही, तर ओढा धरणाराच टिकणार. "हुशार होता," बाबा म्हणाले. "गट निवडायला तलाठ्याला सोबत घेतलं असावं."

डॅनियल आणि ॲग्नेस फ्रीमन ह्यांच्या कबरी इथेच, उंचवट्यावर आहेत. ॲग्नेस आधी डॅनियलच्या भावाला दिलेली होती. तो युद्धात गेला. मग डॅनियलशी पत्रापत्री होऊन १८६५ मध्ये लग्न. आईला हे ऐकून जराही नवल वाटलं नाही, आमच्या आत्याच्या सासरची अशीच हकीकत आहे.

परत हेरिटेज सेंटरमध्ये आलो तेव्हा बंद व्हायला अर्धा तास होता. सकाळी घाईत सुटलेलं एक दालन बघत होतो. इथे ज्यांची जमीन गेली त्यांची गोष्ट आहे. ह्या भागात ओटो-मिसूरिया आणि पॉनी लोक राहत. नेब्रास्का हे नावच ओटो भाषेतलं, 'सपाट पाणी' अशा अर्थाचं. १८५४च्या करारात ओटो-मिसूरियांनी इथला मुलूख सोडला आणि त्यांना बिग ब्लू नदीवर, इथून थोडं दक्षिणेला, राखीव जमीन दिली. १८८१ साली तिथूनही हलवलं, आताच्या ओक्लाहोमात. म्हणजे 'मोकळी सरकारी जमीन' म्हणून जी वाटली, ती आठ वर्षांपूर्वी मोकळी केलेली होती.

मी भाषांतर करत होते. बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "इतर हक्कात तरी नोंद लावायची होती ह्यांची."

ज्यांना सातबारा माहीत नाही त्यांच्यासाठी : उताऱ्यावर मालकाच्या नावाशेजारी 'इतर हक्क' असा रकाना असतो. कूळ, बोजा, वहिवाट, कुणाची विहिरीतली पाण्याची पाळी, असं सगळं तिथे येतं. मालक बदलला तरी तो रकाना बोलत राहतो.

रेंजरबाईंना हे कसं सांगावं, मला सुचेना. मी जमेल तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली. समजलं की नाही, कोण जाणे.

मला दुसरंच आठवत होतं. 'नागरिक होण्याचा इरादा' ही अट वाचायला सोपी, पण नागरिकत्व कोणाला मिळायचं ते रंगावर ठरत होतं. १९२३ साली भगतसिंग थिंद ह्यांच्या खटल्यात इथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की भारतीय माणूस नागरिक होऊ शकत नाही. हे थिंद अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेले. म्हणजे त्या काळात बाबांनी अठरा डॉलर घेऊन रांगेत उभं राहून काही उपयोग झाला नसता. हे मी त्यांना गाडीत सांगितलं. ते म्हणाले, "तिथंबी आपण कागद तपासणाऱ्याच्याच बाजूला बसलो असतो."

रात्री मुक्कामी आई आमच्या मोज्यांतली कुसळं काढत बसली. तेव्हा बाबांनी उजनीचं काढलं. नवीन नोकरी होती, चोवीस-पंचवीस वय. धरणाचं पाणी वाढत होतं आणि गावं उठवायच्या नोटिसा घेऊन ते घरोघर जात. एका म्हातारीने नोटीस घेतली नाही, पाट दिला बसायला, चहा दिला, आणि म्हणाली, पोरा, पाणी कुठवर येणार ते तुझ्या पायानं दाखव. हे आणि ती उंबऱ्यापासून चालत गेले. "माझ्या अंदाजापेक्षा वर आलं पाणी," बाबा म्हणाले. एवढी वर्षं आम्हाला ही गोष्ट माहीत नव्हती. आईलासुद्धा नाही.

तिसरा दिवस, रविवार

सकाळी पार्कपासून थोडं पश्चिमेला असलेली फ्रीमन शाळा. विटांची, एका खोलीची, १८७२ ते १९६७ चाललेली. हा दिवस आईचा. बाक, फळा, मधोमध शेगडी. सगळ्या इयत्ता एकाच खोलीत, बाई एकच. आईने नोकरीची पहिली सहा वर्षं द्विशिक्षकी शाळेत काढली, दुसरे गुरुजी बहुतेक रजेवर. पहिलीला पाढे लावून चौथीला गणित कसं द्यायचं, हे तिने मला फळ्यापुढे उभं राहून करून दाखवलं. आवाज अजून तोच.

ह्याच शाळेत बाई बायबल वाचून घेतात, प्रार्थना म्हणवतात, म्हणून फ्रीमनने तक्रार केली आणि ती थेट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात नेली. १९०२ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. आई म्हणाली, असा पालक प्रत्येक गावात एक असतो. बाबा म्हणाले, असा खातेदारही.

तिथून फेअरबरीजवळचं रॉक क्रीक स्टेशन, पाऊणएक तासावर. ओरेगॉन आणि कॅलिफोर्नियाकडे जाणाऱ्या बैलगाड्यांच्या वाटेवरचा थांबा, काही काळ पोनी एक्स्प्रेसच्या टपालाचाही. पुढे बंदूकबाज म्हणून गाजलेल्या वाइल्ड बिल हिकॉकने १८६१ च्या जुलैमध्ये इथे मॅकॅनलेस नावाच्या माणसाला गोळी घातली, त्यामुळे फलक बहुतेक त्याचेच. ते वाचायचा आम्हाला कंटाळा आला.

पाहण्यासारखं आहे ते मागे, गवतात. हजारो गाड्यांची चाकं जाऊन जाऊन जमीन खोल कापली गेली आहे. ओढ्याच्या उतारावर ते चर अजून स्पष्ट दिसतात, गवताने भरलेले. मी म्हणाले, बाबा, ही चाकोरी. आणि माझ्या लक्षात आलं की हा शब्द मी आयुष्यभर फक्त 'चाकोरीबाहेरचं' असं म्हणण्यापुरता वापरलाय. चाकाने पडलेली कोरी मी आज पहिल्यांदा बघत होते. बाबांनी लहानपणी पाहिलेल्या, आषाढातल्या काळ्या चिखलात रुतलेल्या. ते गुडघ्यावर हात टेकून चरात उतरले, दोन्ही चाकोऱ्यांमधलं अंतर पावलाने मोजलं आणि म्हणाले, "आपल्या गाडीपेक्षा थोडी रुंद."

परतीच्या वाटेवर आई मागे झोपली. लिंकन जवळ आलं, सोअर दिसायला लागला तेव्हा बाबांनी विचारलं,

"ते ओक्लाहोमा किती लांब?"

"ते लोक राहतात तिथंपर्यंत? बिॲट्रिसपासून चार-पाच तास."

"रस्ता सरळच असेल."

"सरळच आहे, बाबा."

"तुझी पुढची सुट्टी कधी आहे?"